सहा, पाच आणि एक

दर्दी श्रोत्यांच्या जगात 'ग्रेटेस्ट हिट्स' या प्रकाराला फारशी इज्जत नाही. संग्रह म्हणजे कंपनीने जुनाच माल नव्या वेष्टनात घालून पुन्हा विकायला काढलेला, आणि खरा रसिक तो, जो कलावंताने लावलेल्या क्रमाने सबंध अल्बम ऐकतो, अशी एक ठाम समजूत असते. रॉकच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी खरीही आहे. पण १९६६ सालच्या डेट्रॉइटला ती लावून चालत नाही. तिथे गाणं बनायचं ते सिंगलसाठी, पंचेचाळीस फेऱ्यांच्या छोट्या तबकडीसाठी आणि मोटारीतल्या रेडिओसाठी. सगळा जीव त्या पावणेतीन मिनिटांत ओतायचा. मग एखादं गाणं चाललं की त्याच्याभोवती इकडची-तिकडची भरती करून अल्बम काढायचा. म्हणजे मोटाउन या तिथल्या रेकॉर्ड कंपनीच्या त्या काळातल्या अल्बमांमध्येच भरताड जास्त, आणि संग्रह मात्र अस्सल! हे उलटं गणित एकदा लक्षात आलं की 'द टेम्प्टेशन्स' या पाच गायकांच्या गटाच्या 'ग्रेटेस्ट हिट्स'कडे वेगळ्या नजरेने बघता येतं.

नोव्हेंबर १९६६ मध्ये मोटाउनच्या 'गॉर्डी' या लेबलवर ही तबकडी आली. बारा गाणी, सगळी १९६४ ते १९६६ या काळातली. एकूण ऐवज अर्ध्या तासाच्या जरासा पुढे. अमेरिकेतल्या अल्बमांच्या यादीत ती पहिल्या पाचांत पोचली आणि दोन वर्षांहून जास्त काळ यादीतून हलली नाही.

माझ्याकडे ती आली एका गराज सेलमधून, कोपरे झिजलेल्या कव्हरसकट. डेट्रॉइटच्या उपनगरांत मराठी माणूस काही नवलाचा नाही. पुण्या-चिंचवडची गाड्यांच्या धंद्यातली माणसं इकडे येतात, ट्रॉय नाहीतर नोव्हायला घर घेतात, गणपती बसवतात, थंडीला शिव्या देतात. मीही त्यातलीच. ऑफिसात दिवसभर वायरिंग हार्नेसची चर्चा आणि येता-जाता रेडिओवर जुनी गाणी. इथला कुठलाही 'ओल्डीज' स्टेशनवाला दिवसातून एकदा तरी टेम्प्टेशन्स लावल्याशिवाय राहत नाही. त्यामुळे तबकडी घरी आणली तेव्हा त्यातली निम्मी गाणी मला चालीसकट पाठ होती. नवीन कळलं ते एवढंच, की ही सगळी त्याच पाच जणांची आहेत.

कारण आवाज एकसारखे नाहीतच. हे पाच जण कोण? एडी केंड्रिक्स आणि पॉल विल्यम्स हे अलाबामातल्या बर्मिंगहॅमचे, शाळकरी वयापासूनचे सोबती. मेल्विन फ्रँकलिन मंटगमरीचा, ओटिस विल्यम्स टेक्ससमधल्या टेक्सारकानाचा, आणि डेव्हिड रफिन मिसिसिपीतल्या व्हायनॉट नावाच्या गावचा. सगळे दक्षिणेतले. कापसाच्या मुलखातून उत्तरेच्या कारखान्यांकडे जी लाखो कृष्णवर्णीय माणसं पिढ्यानपिढ्या सरकत आली, त्याच ओघात यांचंही येणं झालं. केंड्रिक्स आणि पॉलचा गट होता 'प्राइम्स', ओटिस आणि मेल्विनचा 'डिस्टंट्स'. दोन्ही मोडले, उरलेले एकत्र आले आणि १९६१ मध्ये मोटाउनने त्यांना करारबद्ध केलं. पुढची दोन-अडीच वर्षं एकामागून एक गाणं पडत गेलं. कंपनीतली मंडळी त्यांना 'हिटलेस टेम्प्टेशन्स' म्हणून चिडवायची. तेव्हाच्या पाचव्या माणसाला भांडणांपायी काढून टाकलं आणि १९६४ च्या जानेवारीत त्याच्या जागी रफिन आला. संग्रहाचा काळ इथून सुरू होतो. आधीच्या पडेल वर्षांतलं एकही गाणं यात नाही.

मोटाउन काढणाऱ्या बेरी गॉर्डीची गोष्ट इथे बहुतेकांना माहीत असते, पण गाड्यांच्या धंद्यातल्या माणसाला ती जरा जास्त कळते. हा गृहस्थ पन्नाशीच्या दशकात लिंकन-मर्क्युरीच्या असेंब्ली लाइनवर कामाला होता. लाइनच्या एका टोकाला नुसता सांगाडा येतो आणि दुसऱ्या टोकाने चकचकीत गाडी निघते, हे त्याने रोज पाहिलं. घरच्या सामाईक फंडातून आठशे डॉलर उसने घेऊन १९५९ मध्ये त्याने कंपनी काढली ती त्याच बेताने. लिहिणारे वेगळे, वाजवणारे वेगळे, गाणारे वेगळे. गाणाऱ्यांना चालण्या-बोलण्याच्या रीती शिकवायला मॅक्सिन पॉवेल नावाच्या बाई, पाय कसे टाकायचे ते शिकवायला चॉली अॅटकिन्स नावाचे जुने टॅप डान्सर. आणि शेवटी चक्क क्वालिटी कंट्रोल! दर आठवड्याच्या बैठकीत तयार गाणी वाजवायची आणि मतं घ्यायची. खिशात शेवटचा डॉलर असेल तर तू ही तबकडी घेशील की सँडविच, असा गॉर्डीचा प्रश्न असे. आमच्याकडच्या रिव्ह्यू मीटिंगमध्ये इतका स्वच्छ प्रश्न कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचं ते २६४८ नंबरचं घर आता संग्रहालय आहे. बाहेरून साधं दुमजली घर, पांढऱ्या भिंतीवर निळ्या अक्षरांत 'हिट्सव्हिल यू.एस.ए.'. आत गेल्यावर पहिला धक्का बसतो तो आकाराचा. जिथे हे सगळं घडलं तो 'स्टुडिओ ए' आपल्याकडच्या बंगल्याच्या हॉलएवढा असेल-नसेल. छतातून वायरी लोंबत असायच्या म्हणून वादक त्याला 'स्नेकपिट' म्हणत. गिटार आणि बेस थेट मिक्सरच्या टेबलात घुसवलेले, प्रत्येकाला वेगळा अॅम्प्लिफायर ठेवायला जागाच नाही. प्रतिध्वनी हवा असेल तर आवाज माळ्यावरच्या रिकाम्या खोलीत सोडायचा आणि तिथून परत उचलायचा. कंट्रोल रूममध्ये टेबलाखालची फरशी एके ठिकाणी पार झिजलेली आहे. निर्माते ताल धरून पाय आपटायचे, ती ती जागा. काचेआडच्या पोशाखांपेक्षा, फोटोंपेक्षा मी त्या फरशीपाशी जास्त वेळ रेंगाळले. मग गाइडबाईंनी आम्हा पाहुण्यांना स्टुडिओत ओळीने उभं केलं आणि 'माय गर्ल' गायला लावलं, हातवाऱ्यांसकट. ओहायोचं एक निवृत्त जोडपं, तीन जपानी तरुण आणि मी. आमचा सूर कसा लागला याबद्दल न बोललेलं बरं.

'माय गर्ल'वर मात्र बोलायलाच हवं. बाजू एकवरचं हे दुसरं गाणं. सुरुवातीला नुसता बेस, दोन-तीन सूर आणि मध्ये मोकळी जागा. जेम्स जेमर्सन उजव्या हाताच्या एकाच बोटाने बेस वाजवायचा, आणि त्या बोटाचं वजन इथे ऐकू येतं. त्यावर रॉबर्ट व्हाइटची गिटार चढते. सहा सूर, खालून वर. मी लहानपणी पेटीवर जेवढं शिकले तेवढ्या शिदोरीवर मला ते सूर ओळखीचे वाटत होते, पण खात्री नव्हती. म्हणून चिंचवडला बाबांना फोनवर ऐकवलं. बाबांनी आयुष्यभर भजनाला पेटीची साथ केली आहे.

"परत लाव गं."

परत लावलं.

"सा रे ग प ध सा. भूप आहे हा. भूपाचा सरळ आरोह, दुसरं काय?"

"आणि पुढचं?"

"पुढे त्याने मध्यमाला सा धरला. तेच सूर तिथून. बरं आहे. साधं आहे, पण बरं आहे."

बाबांच्या तोंडून 'बरं आहे' म्हणजे पुष्कळ झालं. मग मध्ये व्हायोलिनं येतात, डेट्रॉइट सिम्फनीतल्या वादकांनी वाजवलेली, पॉल रायझरने बांधलेली, आणि त्या गलबल्यातून गाणं बाहेर पडतं तेव्हा सबंध गाणं एक स्वर वर सरकलेलं असतं. सी होता, डी झाला.

"हे काय? सा कुठे घेऊन निघाले हे?" बाबा दचकलेच. "तंबोऱ्याचं काय करायचं मग?"

त्यांचं दचकणं मला फार आवडलं. आपल्या कानाला सा म्हणजे घराचा उंबरठा. वाटेल तिथे भटका, पण परत इथेच यायचं. इथे गाणं चालू असताना उंबरठाच उचलून पुढे ठेवतात, आणि ऐकणाऱ्याला काय झालं ते कळतही नाही. नुसतं एकदम ऊन पडल्यासारखं वाटतं. मला विचाराल तर 'माय गर्ल'ची सगळी जादू त्या एका सरकण्यात आहे. शब्द गोड आहेत, रफिनचा आवाज अप्रतिम आहे, पण तिसऱ्या कडव्याला ते वर चढले नसते तर गाणं छान म्हणून विसरलं गेलं असतं. डिसेंबर १९६४ मध्ये ते आलं आणि मार्च १९६५ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. मोटाउनच्या पुरुषांच्या कुठल्याही गटाला तोवर हे जमलं नव्हतं.

गाणं लिहिलं स्मोकी रॉबिन्सन आणि रोनाल्ड व्हाइट यांनी. स्मोकी स्वतः 'मिरॅकल्स' या गटाचा मुख्य गायक. हे गाणं आपल्याच गटासाठी ठेवायचा मोह त्याला सहज होऊ शकला असता. पण त्याने टेम्प्टेशन्सना रंगमंचावर पाहिलं होतं आणि मागे उभं राहून गाणाऱ्या रफिनमध्ये काय दडलंय ते त्याच्या ध्यानात आलं होतं. तोवर पुढे असायचे केंड्रिक्स नाहीतर पॉल. मागच्या आवाजांची बांधणी मात्र स्मोकीने या मुलांवरच सोपवली, आणि त्यांनी ती अशी केली की ओळ संपली की आवाजावर आवाज चढत जातो.

आता मी जे मोजत बसले ते सांगते. बारापैकी सहा गाण्यांत मुख्य आवाज रफिनचा. पाचांत केंड्रिक्सचा. एकात पॉल विल्यम्सचा. ओटिस आणि मेल्विनच्या वाट्याला एकही नाही. क्रम काळानुसार लावलेला नाही, त्यामुळे हे आवाज आलटून-पालटून येतात. आधी केंड्रिक्सचा तलम फॉल्सेटो, म्हणजे चोरटा उंच आवाज, मग रफिनचा मऊ आवाज, मग त्याच रफिनचा खरखरीत टाहो, मग पॉलचा खोल मध्यम आवाज, मग पुन्हा केंड्रिक्स. सगळं पहिल्याच बाजूला. गटाचं नाव एक, पण नायक ठरलेला नाही. रंगमंचावर त्यांचा एक चार तोंडांचा माइक असायचा. चौघं त्याच्याभोवती आणि गाणारा वेगळ्या माइकपाशी. गाणं संपलं की जागा बदलायच्या. या संग्रहात ते जागा बदलणं ऐकू येतं, आणि सुट्या अल्बमांत ते इतकं स्पष्ट होत नाही.

लिहिणाऱ्यांतही अशीच रस्सीखेच चाललेली. आठ गाणी स्मोकीची, चार नॉर्मन व्हिटफील्डची. स्मोकीचा स्वभाव गोडव्याचा, उपमांचा, यमकांच्या खेळाचा. व्हिटफील्ड तापट आणि हट्टी. १९६६ च्या सुरुवातीला स्मोकीने केंड्रिक्ससाठी 'गेट रेडी' केलं. त्याच वेळी व्हिटफील्ड 'एन्ट टू प्राउड टु बेग' घेऊन क्वालिटी कंट्रोलच्या बैठकीत पुन्हापुन्हा आपटी खात होता. शेवटी गॉर्डीने तोडगा काढला. 'गेट रेडी' पॉपच्या यादीत पहिल्या विसांत आलं नाही, तर पुढचं गाणं व्हिटफील्डचं. 'गेट रेडी' रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिलं आलं, पण पॉपच्या यादीत एकोणतिसावर अडकलं. झालं! व्हिटफील्डचं गाणं बाहेर पडलं, तेराव्या क्रमांकापर्यंत गेलं आणि रिदम अँड ब्लूजच्या यादीत आठ आठवडे अव्वल राहिलं. त्यात व्हिटफील्डने रफिनला त्याच्या सहज पट्टीच्या वर गायला लावलंय. आवाज ताणला जातो, फाटतो, आणि विनवणी खरी वाटते. टेम्प्टेशन्सची लगाम त्या दिवशी स्मोकीच्या हातून गेली. 'गेट रेडी' मला स्वतःला जास्त आवडतं, पण गॉर्डीच्या हिशेबापुढे माझं काय चालणार.

या दोन याद्यांचं प्रकरण साधं नाही. बिलबोर्ड साप्ताहिकात कृष्णवर्णीयांच्या संगीताची यादी वेगळी असायची. १९४९ पर्यंत तिला सरळसरळ 'रेस रेकॉर्ड्स' म्हणत, मग तिचं नामकरण 'रिदम अँड ब्लूज' झालं. १९६३ च्या अखेरीस ती यादी बंद करण्यात आली आणि जानेवारी १९६५ मध्ये परत सुरू झाली. त्यामुळे टेम्प्टेशन्सचं पहिलं चाललेलं गाणं, 'द वे यू डू द थिंग्ज यू डू', त्या मोकळ्या काळात आलं आणि त्याच्या नावावर एकाच यादीतली नोंद राहिली. दक्षिणेतल्या एका कार्यक्रमाची आठवण ओटिस विल्यम्सने सांगितली आहे. सभागृहाच्या मधोमध दोर बांधलेला, एकीकडे गोरे, दुसरीकडे काळे. पुढच्या खेपेला ते तिथे गेले तेव्हा दोर नव्हता. तो गाण्यामुळे गेला असं म्हणण्याइतकी मी भाबडी नाही. १९६४ साली असा भेदभाव बंद करणारा कायदा झाला होता आणि त्यासाठी माणसांनी मार खाल्ला होता. पण दोर काढल्यावर लोक शेजारी-शेजारी बसायला आले ते ही गाणी ऐकायला, हेही खरंच.

या तबकडीचं कव्हर मी उलटंपालटं करून वाचलं. गाण्यांची नावं आहेत. वादकांची नावं कुठेच नाहीत. जेमर्सन नाही, रॉबर्ट व्हाइट नाही, ड्रमवाला बेनी बेंजामिन नाही. रात्री क्लबात जॅझ वाजवणारी आणि दिवसा त्या खोलीत गाण्यामागून गाणं उपसणारी ही मंडळी स्वतःला 'फंक ब्रदर्स' म्हणत. मोटाउनने अल्बमवर त्यांची नावं छापली ती थेट १९७१ मध्ये, मार्व्हिन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. 'स्टँडिंग इन द शॅडोज ऑफ मोटाउन' हा माहितीपट आला २००२ मध्ये. त्यात रॉबर्ट व्हाइटचा एक किस्सा आहे. म्हातारपणी तो एका हॉटेलात जेवायला बसलाय आणि 'माय गर्ल' लागतं. ती गिटार माझीच, असं वेटरला सांगायला तो तोंड उघडतो आणि मग ऑर्डर देऊन गप्प बसतो. आपल्याला वेडा म्हातारा समजतील, असं त्याला वाटलं. माहितीपट निघायच्या आधीच, १९९४ मध्ये तो वारला. भूपाचे ते सहा सूर जगात कुणालाही ऐकवा, लोक ओळखतात. वाजवणाऱ्याचं नाव विचारा.

संग्रहातलं माझं आवडतं गाणं मात्र चौथं, 'डोन्ट लुक बॅक'. पॉल विल्यम्सचं ते एकुलतं एक. खरं तर ते 'माय बेबी' या सिंगलची मागची बाजू होतं, म्हणजे कंपनीने त्यावर फारशी आशा धरलेली नव्हती. पॉलच्या आवाजात केंड्रिक्सचा तरंग नाही की रफिनचा आकांत नाही. समजूत घालणाऱ्या थोरल्या भावाचा आवाज आहे तो. सुरुवातीच्या दिवसांत गटाच्या नाचाची आखणी त्यानेच केली, एक पाय कधी आणि हात कुठे हे त्यानेच ठरवलं, आणि गाजणाऱ्या गाण्यांच्या वेळी तो मागच्या चौघांत उभा राहिला. त्याला सिकल सेलचा आजार होता, पुढे दारूने घेरलं. शेवटी शेवटी रंगमंचावर तो नुसता नाचायचा आणि पडद्याआडून रिचर्ड स्ट्रीट त्याच्या ओळी गायचा. १९७३ च्या ऑगस्टमध्ये तो गेला, चौतिसाव्या वर्षी.

रफिनचं झालं ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. १९६७ मध्ये कंपनीने आपल्या 'सुप्रीम्स' या गायिकांच्या गटाचं नाव बदलून 'डायना रॉस अँड द सुप्रीम्स' केलं आणि रफिनने धोशा लावला, मग आपलंही 'डेव्हिड रफिन अँड द टेम्प्टेशन्स' का नको? स्वतःची वेगळी गाडी, तालमींना दांड्या, पांढऱ्या पावडरीचा नाद. जून १९६८ मध्ये चौघांनी मिळून त्याला काढलं आणि डेनिस एडवर्ड्सला घेतलं. तर हा पठ्ठ्या कार्यक्रमांना प्रेक्षकांत येऊन बसायचा आणि आपलं गाणं सुरू झालं की उडी मारून रंगमंचावर चढून माइक ओढायचा. लोक टाळ्यांचा कडकडाट करायचे! सहा-पाच-एकच्या हिशेबातला सहावाला तो. सहा पुरले नाहीत.

'ग्रेटेस्ट हिट्स'चा दुसरा भाग १९७० मध्ये आला. तोही घेतला मी, रीतसर दुकानातून. डेट्रॉइटमध्ये १९६७ चा जाळपोळीचा उन्हाळा होऊन गेलेला, व्हिटफील्डच्या हातात आता पूर्ण सत्ता, गिटारींवर वॉ-वॉ पेडल चढलेलं, गोडवा हद्दपार. पहिला भाग ऐकून जो याच्याकडे येईल तो बिचकेल. पण 'बॉल ऑफ कन्फ्यूजन' नीट ऐका. त्यात एका गाण्याला एक गायक ही पद्धतच व्हिटफील्डने मोडून टाकली आहे. एडवर्ड्स, केंड्रिक्स, पॉल, सगळे एकमेकांच्या तोंडातून ओळी ओढून घेत गातात. आणि करांचं, दंगलींचं, युद्धाचं सगळं कडबोळं मोजून झाल्यावर मध्येच संगीत खाली येतं आणि खर्जातून मेल्विन फ्रँकलिन एक ओळ टाकतो. आधीच्या बारा गाण्यांत ज्याला एकदाही पुढे यायला मिळालं नव्हतं, तोच हा. बाबांना ती ओळ ऐकवली तर त्यांनी फोन कानापासून लांब धरला आणि आईला हाक मारली, "अगं ये, हा माणूस ऐक!"